पाणी सोडलंय!

नदीचं चित्र म्हणल्यावर तुमच्या डोक्यात काय येतं ते मला माहितीय. दोन डोंगर, मधनं अर्धा सूर्य, त्याच्या बुडातनं निघालेली वाकडीतिकडी नदी, कडेला झोपडी आणि वर चाराच्या आकड्यासारखे पक्षी. त्यात मी वॉटरकलरबद्दल लिहितोय म्हणल्यावर तुम्ही चहाबिहा घेऊन निवांत बसला असाल. आता पोरगं काहीतरी शांत, मनाला गार वाटणारं सांगणार. तर कप जरा खाली ठेवा, हातातनं पडेल. ह्यात सूर्य नाही, झोपडी नाही. ह्यात नदीच्या मधोमध एका दगडावर आमच्याकडं पाठ करून बसलेले माझे दाजी आहेत, आणि काठावर उभा राहून थरथर कापणारा मी आहे.

आधी एक सांगतो. मला पाण्याची भीती वाटते. आम्ही लातूरकडचे. आमच्या गावाला नदी आहे, म्हणजे पूल आहे, आणि पुलाखाली जे असतं त्याला नदी म्हणायचं म्हणून आहे. आम्ही तिच्यात क्रिकेट खेळायचो. पोहायला शिकायचं तर आधी पाणी पाहिजे, ते आमच्याकडं टँकरनं यायचं, आणि टँकरमध्ये कुणी पोहू देत नाही. दाजी पण तिकडचेच. त्यांना पण पोहता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण दाजींच्या ते लक्षात राहिलं नव्हतं.

शाळा-आयटीआय गावाकडं उरकून मी चाकणला एका कंपनीत ट्रेनी लागलो आणि मोशीला ताई-दाजींकडं राहायला आलो. इथं आल्यावर पहिल्यांदा बारा महिने पाणी असलेली नदी बघितली. इंद्रायणी. पहिल्याच दिवशी घाबरलो. कुठं पांढरा फेस, कुठं वरनं सगळी हिरवीगार जलपर्णी. लांबनं बघितलं तर वाटावं मस्त मैदान आहे, पळत जावं. पाय टाकला की खलास. जे दिसतंय ते नाही आणि जे आहे ते दिसत नाही, असल्या गोष्टीची मला फार भीती वाटते.

आता हे मी सांगतोय म्हणजे विनोदच आहे, कारण माझा स्वतःचा धंदा तोच आहे. मी आवाज काढतो. बसचा कंडक्टर, लाइनवरचा सुपरवायझर, मिक्सर चालू असताना बोलणाऱ्या शेजारच्या काकू, कुकरची न झालेली शिट्टी. कुकरच्या शिट्टीवर ताईनं दोनदा कच्ची डाळ काढलीय. पण माझा सगळ्यात भारी आवाज म्हणजे ताईचा. लहानपणापासनं बोलणी तिचीच खाल्लीत. मी काढला की दाजी बाथरूममधनं "आलो आलो" म्हणतात.

दाजी चाकणलाच दुसऱ्या कंपनीत, पेंट शॉपला. गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एक ओघळ दिसला की पत्रा बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. ते चित्रकार कसे झाले? तर फ्लॅटमुळं. फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतनं नदी दिसायची. दाजींनी गावाकडं सगळ्यांना फोन करकरून सांगितलं, "घरात बसून नदी दिसती, या एकदा." सगळे म्हणाले येतो, आणि ते यायच्या आत समोर बिल्डिंग आली. आता गॅलरीतनं समोरच्यांचं किचन दिसतं. त्यांच्याकडं आज भेंडी का गवार, ते आम्हाला कळतं. नदी गेली.

मग ताईला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात, पितृपंधरवडा संपला की डोहाळजेवण करायचं ठरलं. म्हणजे गावाकडनं सगळे येणार. सगळे म्हणजे ज्यांना ज्यांना नदी दिसती म्हणून सांगितलेलं ते. दाजींना झोप लागेना. शेवटी म्हणाले, "नदी भिंतीवर लावू. मी काढतो."

मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकले. कागदाच्या कडेला चिकटवायला टेप होती पेंट शॉपची, हात होता पेंट शॉपचा, आणि तिथंच सगळा घोळ. कंपनीत रंग ओघळला की माल रिजेक्ट. वॉटरकलरमध्ये कागद ओला करायचा, त्यावर रंगाचं पाणी सोडायचं आणि गप बघत बसायचं. रंगाला जिकडं जायचं तिकडं तो जातो. दाजींना ते बघवायचं नाही. ओघळ दिसला की टिश्यूनं टिपायचे. टिपून टिपून नदीला खरूज झाल्यासारखी दिसायची. कागदावर कागद फाडले. मग त्यांनी स्वतःलाच शिस्त लावली. ब्रश टेकवायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "पाणी सोडायचं, हात काढायचा." कंपनीत सकाळी सेफ्टीची शपथ घेतात ना, तसं.

हे माझ्या हातात आयतंच सापडलं. ताई जेवायला वाढायला लागली की मी दाजींच्या घोगऱ्या आवाजात म्हणायचो, "आमटी सोडायची, हात काढायचा." दाजी अंघोळीला निघाले की, "पाणी सोडायचं, हात काढायचा." सुरुवातीला हसायचे. नंतर मान पण वळवायचे नाहीत. तेवढी सवय झालेली.

आणि त्यात दाजींच्या आईंचा फोन. त्या गावाकडनं रोज एक नियम पाठवायच्या. त्या आठवड्यात म्हणाल्या, "सातवा लागलाय. आता नवऱ्यानं नदी वलांडायची नसती." ताई बीएस्सी झालीय. म्हणाली, "मी असलं काही मानत नाही." फोन ठेवला आणि दाजींना म्हणाली, "पण कशाला उगाच. नदीकडं जाऊ नका." दाजींचा चेहरा पडला. मोबाईलवर बघून काढलेली नदी त्यांना नको होती. त्यांना ही पाहिजे होती, गॅलरीतनं गेलेली. शेवटी तह झाला. घाटावर बसायचं, पायरीवरनं काढायचं, पाण्याला पाय लावायचा नाही, आणि मी बरोबर जायचं.

चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. सकाळी निघताना ताई दारात उभी, एका हातात लाटणं, दुसरा कंबरेवर.  मला म्हणाली, "तू कशासाठी चाललायस, माहितीय ना?"

"ब्रश धुवायला."

"त्यांना पाण्यात उतरू द्यायचं नाही. एवढं एकच काम दिलंय तुला. चेष्टा नको."

मी तिच्याच आवाजात म्हणलं, "चेष्टा नको." तिनं लाटणं उचललं, आम्ही लिफ्टमध्ये.

गाडीवर दाजींनी हेल्मेटमधनंच सांगून टाकलं. "घाटावरनं अँगल मिळत नाही, पाव्हणं. नदी कशी, सगळी समोर पसरलेली पाहिजे. मध्ये एक कातळ आहे मोठा. त्याच्यावर बसतो."

मी मागनं वाकलो. म्हणलं, "दाजी, आईंनी काय सांगितलंय? नदी ओलांडायची नाही."

"ओलांडतोय कुठं? मधोमध बसणार. अर्ध्यातनं परत आलं तर त्याला ओलांडणं म्हणत नाहीत."

 

मोशीच्या पुढं चऱ्होलीच्या अंगाला एक लहानसा घाट आहे. पंधरवडा असल्यामुळं तिथं आधीच एक कुटुंब बसलेलं. भटजी, दोघं भाऊ, मागं बायका, पत्रावळीवर पिंड, आणि वर वडाच्या फांदीवर कावळे अशी मान वाकडी करून बसलेले की जणू त्यांची शिफ्ट चालू व्हायचीय. सकाळची वेळ, ऊन पडलेलं, आमच्याकडं आठवडाभर पाऊस नाही. पण मला काही ती जागा आवडली नाही. मेलेल्या माणसांसाठी आणलेल्या भाताचा वास आणि नदीचा तो साबणासारखा उग्र वास, दोन्ही एकत्र येत होते.

पाणी उतरलेलं होतं. घाटापासनं आत काळे दगड वर आलेले, एकापुढं एक, आणि शेवटी तो कातळ, चांगला जेवणाच्या टेबलाएवढा. त्याच्या पलीकडं म्हशी पाण्यात बसलेल्या, नुसती डोकी वर. दाजींनी मोबाईल, पाकीट, हेल्मेट सगळं माझ्याकडं दिलं, कागद चिकटवलेली फळी काखेत मारली आणि दगडादगडावरनं गेले पण. तिथनं हात केला, "ये!"

"मी इथनंच ब्रश धुतो," म्हणलं.

पहिल्या दगडाच्या फटीत एक जांभळी चप्पल अडकलेली होती, रबरी, पट्टा तुटलेली. मी मनाशी ठरवलं, चपलेवर नजर ठेवायची. चप्पल आहे तोवर दाजी आहेत. असलं काहीतरी डोक्यात येतं भीती वाटायला लागली की.

दाजींनी कागद ओला केला. तिथनं घोगरा आवाज आला, "पाणी सोडायचं, हात काढायचा." आणि घाटावरनं लगेच भटजी म्हणाले, "अंगठ्याकडनं पाणी सोडा." मला हसूच आवरेना. इकडं हे पाणी सोडतायत, तिकडं ते सोडतायत. दोघांचा सूर पण सारखाच. भटजी म्हणायचे, "वडिलांना सोडा." जरा वेळानं दाजी म्हणायचे, "आभाळ झालं, आता नदीला सोडतो."

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. ताई.

मी काय करणार होतो? दाजी मधोमध, फोन माझ्याकडं. उचलला नाही तर ती घाबरणार, उचलला तर विचारणार की त्यांना दे. मी घसा खाकरला आणि दाजींच्या आवाजात म्हणलं, "हां, बोल."

"कुठं बसलाय?"

"घाटावर. पायरीवर. रंग वाळतोय."

"तो कुठंय?"

"ब्रश धुतोय."

"त्याच्याकडं पण बघा जरा, घसरायचा कुठं तरी," म्हणाली आणि ठेवला.

ती माझी काळजी करत होती. मी फोन खिशात टाकला.  आणि सवयीनं चपलेकडं बघितलं.

चप्पल नव्हती.

दगड होता, म्हणजे त्याचं टाळकं होतं. मी स्वतःला म्हणलं, वाहून गेली असेल, चप्पलच ती. पण चप्पल अशी आपोआप वाहून जात नाही, तिला पाणी पोचावं लागतं. मी फेसाकडं बघितलं. मगाशी फेसाचे गोळे आळसटल्यासारखे गोल गोल फिरत होते. आता ते एका रेषेत चालले होते. कुणाला तरी कामावर उशीर झाल्यासारखे.

त्याच वेळी दाजी ओरडले, "अरे जमलं! जमलं रे! फेस जमला! पांढरा लावलाच नाही, कागद कोरा सोडला नुसता!" इतका आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ओघळ आला असणार आणि त्यांनी तो टिपला नसणार.

तेवढ्यात वरच्या अंगाला, झाडीच्या मागनं कुणीतरी लांबनं ओरडलं, "सोडलंऽऽय! पानी सोडलंऽऽय!"

भटजी धाकट्या भावाकडनं आजोबांना पाणी सोडून घेत होते. तो आधीच वैतागलेला, पाय अवघडलेले. त्याला वाटलं ह्यांच्यातलाच कुणीतरी घाई करतोय. तो झाडीकडं तोंड करून ओरडला, "सोडलं हो, सोडलं! तीन वेळा सोडलं!"

सगळे हसले. मी पण हसलो. त्या हसण्याची मला आज पण भीती वाटते.

झाडीतनं एक म्हातारा पळत आला. बनियन, गुडघ्याएवढी चड्डी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मोबाईल. "आरं, वरनं धरनाचं पानी सोडलंय! सकाळच्यालाच मेसेज आलाय गावात! मावळात रातभर कोसळतोय अन् तुमी काय बसलाय हितं मांडून?"

भटजींनी एका हातात ताम्हण, एका हातात पळी घेतली आणि चार पायऱ्या वर. "बाकीचं वर करू," म्हणाले. बायका उठल्या, पत्रावळी उचलल्या, कावळे ओरडायला लागले. सगळ्यांना एका क्षणात कळलं. फक्त दाजींना नाही.

मी ओरडलो, "दाजी! पाणी सोडलंय!"

दाजी वळले नाहीत. ब्रश वर केला आणि म्हणाले, "हो. आता हात काढलाय. वाळू दे."

"दाजी, खरंच! पाणी सोडलंय!"

"कळलं रे. तुझं चालू दे. मला हलवू नकोस आता, ओलं आहे."

त्यांना वाटलं मी रोजच्यासारखी त्यांची नक्कल करतोय. मी स्वतःला म्हणलं, दुसरं काहीतरी बोल. पण भीती वाटली ना की दुसरे शब्द येतच नाहीत, एकच अडकून बसतो. मी परत तेच ओरडलो. म्हातारा माझ्या बाजूला येऊन ओरडला, "आवो, पानी सोडलंय, व्हय! मागं बघा!" तर दाजी हसायला लागले. पाठ हलली त्यांची. "हा आवाज नवीन आहे," म्हणाले. "भारी काढलास."

 माणूस हसतोय, त्याच्या मागनं दगड एकेक करून जातायत, आणि मी जेवढ्या जोरात ओरडेन तेवढी त्याला ती नक्कल चांगली जमलेली वाटणार. तो कातळ आता सगळ्या बाजूंनी ओला दिसत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज बंद झाला होता. मगाशी दगडांवरनं पाण्याची खळखळ येत होती. आता एकदम शांत. खळखळायला दगडच राहिले नव्हते.

मग मी विचारबिचार काही केला नाही. पोटातनं आपोआप आलं.

"अहोऽऽ! ऐकलं का!"

ताई. शंभर टक्के ताई. मलाच दचकायला झालं.

दाजी ताडकन उभे राहिले, बाई वर्गात आल्यावर पोरं उभी राहतात तसे. मांडीवरचे रंग खाली पडले. गर्रकन वळले आणि घाटावर ताईला शोधायला लागले. पायऱ्यांवर बघितलं, वडाखाली बघितलं, बायकांच्यात बघितलं. ताई कुठंच नव्हती. मग त्यांची नजर खाली आली. ज्या दगडांवरनं ते गेले होते तिथं आली. ते दगड नव्हते.

मी माणसाचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. रंग उतरतो म्हणतात ना, तसं. एका कडेनं सुरू होऊन सगळ्या चेहऱ्यावरनं खाली गेला.

"किती खोल आहे?" त्यांनी विचारलं. एवढंच. इतक्या हळू विचारलं की खळखळ असती तर मला ऐकू आलं नसतं.

म्हाताऱ्याचं दाजींकडं लक्षच नव्हतं. तो त्याच्या म्हशींना न्यायला आला होता. त्यानं जिभेनं टाळूवर कसलातरी आवाज काढला, आणि पाण्यातली ती डोकी हलली. म्हशी उठल्या. पाणी त्यांच्या पोटाला होतं, मग पाठीला. एकापाठोपाठ एक निवांत घाटाकडं यायला लागल्या, आणि वाट त्यांची कातळाच्या कडेनंच होती. तेव्हा म्हातारा दाजींना ओरडला, "ए पावनं! शेवटचीची शेपूट धर! घट धर! ती आनती!"

आता तुम्ही बघा. पितृपंधरवडा. घाटावर पिंड. वर कावळे. आणि समोरनं काळं जनावर येतंय माझ्या दाजींना न्यायला. मी नीट वाकून बघून घेतलं, म्हैस आहे का रेडा. म्हैस होती. तरी मला बरं वाटलं नाही.

दाजींनी शेपूट धरली. कातळावरनं उतरले, आणि एकदम छातीपर्यंत आत. तोंडातनं "आई गं" आलं. म्हशीला ओढ लागली तशी ती जरा वाकडी झाली, खालच्या अंगाला सरकली. दाजींचा दुसरा हात वर होता. त्या हातात फळी. फळीवर चित्र. ओलं होतं ना, म्हणून डोक्याच्या वर आडवं धरलेलं. पाणी बगलेत आलंय आणि हा माणूस चित्र आडवं धरतोय, ओघळू नये म्हणून!

म्हैस हिसके द्यायला लागली. एका हातानं दाजींना तोल जमेना. म्हातारा ओरडला, "सोड! आरं सोड त्ये!"

दाजींनी त्यातलं फक्त "सोड" ऐकलं. त्यांना कळेना कुठला हात. मला काठावरनं त्यांची बोटं दिसली, शेपटीवरची. ती उघडायला लागली होती. पाणी सोडायचं, हात काढायचा. महिनाभर घोकलेलं. सोड म्हणलं की उजवा हात उघडायचा, इतकंच त्या हाताला माहिती होतं, आणि उजव्याच हातात शेपूट होती.

मी पाण्यात गेलो. कधी गेलो माहिती नाही, गुडघ्यापर्यंत होतो, तेवढं कळलं. आणि ताईच्या आवाजात घसा फाडून ओरडलो, "शेपूट नाही होऽऽ! चित्र! चित्र सोडा!"

फळी पडली. बोटं मिटली. दोन्ही हात शेपटीला आले, आणि म्हशीनं दाजींना पायरीवर आणून टाकलं, पोतं आणून टाकावं तसं. म्हैस त्यांच्या अंगावर शिंतोडे उडवत वर निघून गेली. तिला काय माहिती तिनं कुणाला आणलंय.

चित्र पाण्यावर उताणं पडलं होतं. मला एकदाच नीट दिसलं. खरंच जमलं होतं हो. फेस असा चमकत होता की बघतच राहावं. मग खरा फेस त्याच्यावर आला आणि ते चऱ्होलीच्या बाजूला गेलं. कातळाकडं बघितलं तर कातळ नव्हता. तिथं पाणी नुसतं जरा फुगल्यासारखं दिसत होतं, बाकी काही नाही.

दाजी पायरीवर बसले. दात वाजत होते. मुठीत म्हशीचे केस. ती मूठ त्यांना उघडता येईना. भटजींना दया आली, त्यांनी दानाचं कोरं धोतर पुढं केलं, "घ्या, अंग पुसा." दाजींनी धोतराकडं बघितलं, पिंडाकडं बघितलं, आणि म्हणाले, "नको. ओलाच बरा आहे मी."

म्हातारा म्हशी मोजून परत आला आणि आम्हाला भरपूर बोलला. "नदी काय तुमची गॅलरी हाय व्हय? चित्र काढाय पान्यात बसत्यात? अन् माझी म्हस बिथरली, सांजच्याला दूध न्हाई दिलं तर कुनाला इचारू?" मग माझ्याकडं बघून इकडंतिकडं बघायला लागला. "अन् ती बाई कुठं गेली? मगा वरडत हुती ती?"

मी म्हणलं, "घरी आहे."

तो माझ्याकडं बघतच राहिला आणि दोन पायऱ्या लांब सरकला.

घरी जाताना गाडी मी चालवली. दाजी मागं, माझा शर्ट दोन्ही हातांनी धरून. मधे एकदा सिग्नलला म्हणाले, "काय सांगायचं?" मी म्हणलं, "घाटावर घसरलो म्हणू." "दोघं पण?" "दोघं पण." मग तिचा फोन आलेला आणि मी त्यांच्या आवाजात काय बोललो, ते पण सांगितलं. मागनं त्यांच्या थरथरीनं गाडी हलत होती.

ताईनं दार उघडलं. आम्ही तोंड उघडायच्या आत तिला वास आला. नदीचा आणि म्हशीचा. तिनं दाजींना वरनं खालपर्यंत बघितलं, छातीपर्यंत चिखलाची रेघ होती तिथं थांबली.  आत गेली, टॉवेल आणला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि डोकं पुसायला लागली. लहान पोराचं पुसतात तसं, खसाखसा. दाजींनी डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. कातळ, म्हैस, शेपूट, फोन. घसरलो बिसरलो काही नाही. मी फ्रिजपाशी उभा.

मग ती माझ्याकडं वळली. रागावली की ती मला मुडद्या म्हणते, आमच्याकडं सगळ्याच बाया म्हणतात. त्या दिवशी "मुड" एवढंच म्हणाली आणि ओठ मिटले. बाकीचं गिळलं. खाली बसली, पोटावर हात ठेवून. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"एक काम दिलं होतं तुला. एकच."

"ताई, मी सांगितलं त्यांना..."

"गप. मी फोन केला तेव्हा पायरीवर कोण बसलं होतं?"

मी फ्रिजचं दार उघडून बंद केलं.

"रंग वाळतोय म्हणं! आणि मी खुळी, तुझ्याकडं बघा म्हणून सांगत बसले. कुणाला सांगत होते? तुलाच!"

"पण शेवटी तुझ्याच आवाजानं आले ना ते बाहेर," मी म्हणलं. चेष्टा नव्हती ती. मला खरंच वाटलं तिला बरं वाटेल.

"बरं झालं आले. नसते आले तर?" तिचा आवाज चिरकला. मला जमणार नाही असा चिरकला. "माझ्याशी त्यांच्या आवाजात बोलतोस, त्यांच्याशी माझ्या आवाजात बोलतोस. नसते आले तर तू मला फोन केला असतास ना? तुझ्या आवाजात केला असतास. ताई, दाजी गेले म्हणला असतास. आणि मी काय म्हणले असते, माहितीय? मी म्हणले असते, गप रे, नकला बंद कर. आणि फोन ठेवून भाजी परतत बसले असते."